सही करणाऱ्यांनीही उत्तर द्यावे

महोदय,

बड्या कंपन्यांच्या करबचतीचा विषय निघाला की ‘सगळे कायद्यात बसते, मग बिघडले कुठे?’ हे वाक्य हमखास कानावर येते. लेखापरीक्षणात उभी नोकरी केल्यामुळे मी ते बैठकांमध्ये अनेकदा ऐकले. ते मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही.

नफा कसा गायब होतो, हे एका बिलात दिसते. एका देशात माल बनतो, खपतो. वर्षअखेरीस दुसऱ्या, कमी कराच्या देशातल्या भगिनी कंपनीचे बिल येते: ‘बोधचिन्हाच्या वापरापोटी शुल्क’. तपशील एका ओळीचा आणि रक्कम जवळपास सगळा नफा धुऊन नेणारी. देणारा आणि घेणारा मालक एकच. माझ्यासमोर आलेल्या अशा एका बिलावर पत्ता होता तो वकिलांच्या कार्यालयाचा. त्या कंपनीचा तिथे एकही कर्मचारी नव्हता. शुल्क बाजारभावाप्रमाणेच आहे, असे सांगणारा जाडजूड अहवाल मात्र सोबत जोडलेला होता. कागदात खोट नव्हती. खोट होती ती व्यवहारातच.

ॲपलचे आयर्लंडमधील प्रकरण सर्वज्ञात आहे. युरोपीय आयोगाने 2016 मध्ये नोंदवले की, ॲपलच्या तिथल्या उपकंपनीच्या ज्या ‘मुख्य कार्यालया’च्या नावे बहुतेक नफा दाखवला जात होता, त्याला ना जागा होती ना कर्मचारी. 2011 मध्ये त्या उपकंपनीचा नफा सुमारे 16 अब्ज युरो होता आणि त्यातले जेमतेम 5 कोटी युरो आयर्लंडमध्ये करपात्र धरले गेले. आपण नियम पाळले, असे कंपनीचे म्हणणे होते. सप्टेंबर 2024 मध्ये आयर्लंडने ॲपलकडून 13 अब्ज युरोंचा कर वसूल करावा, या आयोगाच्या आदेशावर युरोपीय न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळी आहे. हा पैसा आम्हाला नको, म्हणून स्वतः आयर्लंड सरकार न्यायालयात गेले होते! कंपन्या आपल्याकडे याव्यात म्हणून सरकारेच पायघड्या घालत असतील, तर दोष एकट्या कंपनीच्या माथी मारून कसे चालेल?

कॉफीची दुकाने चालवणारी स्टारबक्स ब्रिटनमध्ये जेमतेम कर भरते, हे कळून 2012 साली ग्राहक संतापले तेव्हा तिने दोन वर्षांत 2 कोटी पौंड आपणहून भरण्याची तयारी दाखवली. अनेकांना तो विजय वाटला. मला नाही वाटला. कर म्हणजे खुशीने द्यायची वर्गणी नव्हे. लोक ओरडले म्हणून भरायचा आणि ओरड थांबली की थांबवायचा, असा तो असूच शकत नाही.

जबाबदारी सगळ्यांची म्हटले की प्रत्येकाला अंग काढून घ्यायला वाट सापडते. सल्लागार म्हणतो, मी फक्त पर्याय सुचवला. लेखापरीक्षक म्हणतो, मी कागद तपासले. संचालक भागधारकांकडे बोट दाखवतो, आणि भागधारकाला तर आपला निवृत्तिनिधी कोणत्या कंपनीत गुंतला आहे याचाही पत्ता नसतो. म्हणून वाटणी सारखी नसावी. ज्याला व्यवहार कळतो आणि ज्याची सही लागते, त्याचा वाटा मोठा. ग्राहकाचा सर्वांत लहान, कारण त्याला हे बिल कधी दिसतच नाही. नफा जपणे हे संचालकांचे काम खरेच, पण करातला शेवटचा पैसाही वाचवा, असे ते काम सांगत नाही.

2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी बड्या कंपन्यांच्या नफ्यावर किमान 15 टक्के कराचे तत्त्व मान्य केले, हे चांगलेच झाले. पण पळवाटा शोधणारी माणसे तीच आहेत. बड्या कंपन्या कोणत्या देशात किती नफा कमावतात आणि किती कर भरतात, याचा देशवार अहवाल बहुतेक ठिकाणी फक्त करखात्याकडे जातो. युरोपीय संघाने तो जाहीर करण्याचा नियम केला आहे. तो सर्वत्र व्हावा, आणि तोवर निवृत्तिनिधींच्या विश्वस्तांनी आपण पैसे गुंतवलेल्या कंपन्यांच्या वार्षिक सभांत हा अहवाल मागावा. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना आजही आहे.

— एक निवृत्त लेखापरीक्षक