आकडा उलटा पडला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पानावर आपण ‘सर्वाधिक गोल’ असा तक्ता छापलात. त्यात पेलेच्याही वर नाव आहे ब्राझीलच्या आर्तुर फ्रीडनराइशचे, गोल 1329. वर्ल्ड कप आला की आमच्या पेठेत गल्लीभर ब्राझीलचे झेंडे लागतात. दुपारपर्यंत चौघांनी तो अंक माझ्यापुढे नाचवला. तक्ता चुकला आहे.

मी 26 वर्षे तालमींच्या (आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच) सामन्यांना टेबलाजवळ बसून गोलांची वही लिहिली, म्हणून हा आगाऊपणा. फ्रीडनराइशचे गोल आधी त्याचे वडील वहीत टिपत, पुढे ते काम संघातल्या एका सोबत्याकडे गेले, असे सांगतात. त्या सोबत्याने एका पत्रकाराला 1239 सांगितले. छापताना 2 आणि 3 यांची अदलाबदल झाली आणि उलटा आकडाच जगभर गेला. वही मात्र त्या पत्रकारानेही पाहिली नव्हती. नंतर अभ्यासकांनी सामना न् सामना मोजला, तेव्हा साडेपाचशेच्या आसपास गोल भरले, आणि सामनेही साधारण तितकेच. सामन्याला एक गोल! एवढ्यावर कुणाचे पोट भरत नसेल तर इलाज नाही.

वहीचा भरवसा किती धरायचा, हे मला ठाऊक आहे. एकदा धाकटा भाऊ थोरल्याचा शर्ट घालून उतरला आणि मी त्याचे दोन गोल थोरल्याच्या नावावर चढवले. थोरला आज नातवंडांना ते गोल रंगवून सांगतो. धाकटा माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

तक्त्यात न मावलेले सांगतो. फ्रीडनराइशचा 1892 साली साव पावलोत जन्म, वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. ब्राझीलमधले फुटबॉल तेव्हा गोऱ्या बड्या घरांच्या क्लबांचे होते. हा गडी सामन्याआधी कुरळे केस चोपडून, गरम टॉवेल गुंडाळून सरळ करीत बसायचा आणि मैदानात सगळ्यांच्या शेवटी यायचा, अशी आठवण सांगतात. 1914 मध्ये ब्राझीलचा संघ पहिल्यांदा उतरला तो इंग्लंडच्या एक्सेटर सिटीविरुद्ध. 2-0 ने जिंकला. त्या सामन्यात याचे दोन दात पडले, तरी पठ्ठ्या परत येऊन खेळला.

आणि 29 मे 1919. रिओत दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदासाठी समोर उरुग्वे. नव्वद मिनिटे कोरी. जादा वेळेची तीस मिनिटेही कोरी. म्हणून पुन्हा तीस मिनिटे! 122 व्या मिनिटाला फ्रीडनराइशने गोल केला आणि ब्राझीलला पहिले मोठे अजिंक्यपद मिळाले. त्याचे बूट म्हणे रिओतल्या जवाहिऱ्याच्या काचेत मांडले होते. पिशिंगिन्यासारख्या संगीतकाराने त्या गोलावर ‘एक विरुद्ध शून्य’ या नावाची चाल बांधली. दोनच वर्षांनी, 1921 मध्ये, ब्वेनोस आयरेसच्या स्पर्धेला फक्त गोरे खेळाडू पाठवायचे ठरले आणि हा घरी राहिला. बूट काचेत, माणूस दाराबाहेर.

1925 मध्ये पाउलिस्तानो क्लब युरोपात गेला, तेव्हा हा बत्तिशीचा होता. पहिल्याच सामन्यात फ्रेंचांवर 7-2. दहापैकी नऊ सामने जिंकून आले. 1930 चा पहिला वर्ल्ड कप मात्र हुकला. रिओ आणि साव पावलोच्या संघटनांचे फाटले आणि साव पावलोचे जवळजवळ सगळेच खेळाडू मागे राहिले. (संघटनांच्या भांडणात खेळाडूचा हंगाम कसा जातो, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको.) 6 सप्टेंबर 1969 ला तो वारला. पेलेचा हजारावा गोल त्यानंतर अडीच महिन्यांनी झाला.

तर विनंती एवढीच : 1329 मागे घ्या. 1239 ही नको. एखादा आकडा हवाच असेल तर सुमारे 550 छापा आणि शेजारी 29 मे 1919 ही तारीख द्या. आपला तक्ता आमच्या तालमीच्या फळ्यावर डकवलेला आहे. दुरुस्ती आली की त्याच्यावर नेऊन चिकटवतो. खळ घरी आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर