विषय: जादा मॉनिटरवरील घड्याळासाठी घेतलेले पैसे परत मिळणे आणि बंद ठेवलेले अपडेट सुरू करणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सांगलीतील आमच्या, शेअर ब्रोकरचे ऑथराइज्ड पर्सन (पूर्वी ज्यांना सब-ब्रोकर म्हणत) म्हणून चालणाऱ्या कार्यालयात आपल्या कंपनीने बसवलेले, प्रत्येकी तीन मॉनिटरचे संगणक आहेत. त्यांची एएमसीही (वार्षिक देखभालीचा करार) आपल्याकडेच आहे. मुख्य मॉनिटर सोडला तर बाकीच्या दोन्ही मॉनिटरच्या टास्कबारवर घड्याळ दिसत नाही, ही आमची पहिल्यापासूनची तक्रार.

शेअर बाजाराच्या वेळेत मुख्य मॉनिटरवर ट्रेडिंग टर्मिनल, म्हणजे सौदे करण्याचे सॉफ्टवेअर, फुल स्क्रीन असते. टास्कबार झाकला जातो, त्याबरोबर घड्याळही. ९ वाजता प्री-ओपन, ९.१५ ला बाजार सुरू, ३.३० ला बंद. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवसापुरते केलेले सौदे त्याआधीच उलट सौदा करून मिटवावे (स्क्वेअर ऑफ) लागतात. ग्राहक फोनवर असताना वेळ बघायला खिशातला मोबाइल काढायचा, असे आमचे काम चालू शकत नाही.

आपल्या इंजिनिअरने सांगितले की विंडोज ११ मध्ये ही सोयच नाही, वेगळे सॉफ्टवेअर घ्या. त्याचा वार्षिक परवाना आम्ही प्रत्येक संगणकासाठी आपल्याकडूनच विकत घेतला. संगणक स्लीपमधून उठला की ते घड्याळ जागचे हलते. एकदा तर ते अडकून जुनीच वेळ दाखवत राहिले आणि एका ज्येष्ठ ग्राहकाची विक्रीची ऑर्डर राहून गेली. घड्याळ नसेल तर माणूस दुसरीकडे बघून खात्री करतो. समोर चुकीची वेळ असेल तर तिच्यावरच विसंबतो. त्या गृहस्थांना तोंड देणे मला फार जड गेले.

त्यानंतर आम्ही विंडोजची आवृत्ती तपासली. सगळीकडे २१एच२, बिल्ड २२०००.१९४, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ बाजारात आले तेव्हाचेच! विंडोज १० मध्ये सर्व मॉनिटरवर घड्याळ होते. ११ च्या या पहिल्या रूपात ते काढले गेले आणि फेब्रुवारी २०२२ च्या मोफत अपडेटने परतही आले. ते अपडेट असेल तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, तिथे सर्व डिस्प्लेवर टास्कबार दाखवण्याचा पर्याय चालू केला की काम झाले. मोफत मिळणाऱ्या गोष्टीसाठी आपण दरवर्षी पैसे घेतलेत, आणि आम्हाला ती मिळू नये अशी अवस्थाही आपणच केलीत: अपडेट बंद आणि ॲडमिन पासवर्ड आपल्याकडे.

प्रश्न घड्याळापुरता नाही. २१एच२ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांची सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. याच संगणकांवर आमच्या ग्राहकांचे पॅन आणि बँक खात्यांचे तपशील आहेत. अपडेटमुळे टर्मिनल बिघडेल ही आपली भीती मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणजे शनिवारी एका संगणकावर अपडेट करून टर्मिनल चालवून बघणे. एएमसीचे पैसे आम्ही त्याचसाठी भरतो.

तरी सर्व संगणक सध्या सुरक्षा अपडेट मिळत असलेल्या आवृत्तीवर आणावेत, ते घड्याळ-सॉफ्टवेअर काढून परवान्याची पूर्ण रक्कम परत करावी आणि ॲडमिन पासवर्ड आमच्या ताब्यात द्यावा. अपडेट का बंद ठेवले, याचा खुलासा लेखी हवा. इंजिनिअरच्या फोनवर आमचे समाधान होणार नाही. १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि एएमसीचे नूतनीकरण करणार नाही.

परवान्यांच्या पावत्या व आवृत्तीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
कार्यालय प्रमुख