क्विन झाझावर मला सोबत नेणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण तू जे केलंस ते चारचौघांत सांगावंसं वाटतं, म्हणून उघडच लिहितेय.

२०२० चा उन्हाळा. पुण्यातले आपले जपानीचे वर्ग बंद पडले होते, रूमवरच्या मुली लॉकडाऊन लागायच्या आधीच गावी निघून गेल्या होत्या आणि मी एकटी अडकून पडले होते. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. तू वर्गात मला सीनियर, आपली ओळख जेमतेम नावापुरती. तरी तू स्वतःहून फोन केलास आणि म्हणालीस, ‘रोज रात्री जेवायला बसताना फोन लाव. आपण ‘ड्रिफ्टिंग ड्रॅगन्स’ बघू. तू तिकडे, मी इकडे.’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका एप्रिलच्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आपल्याकडे नुकतीच आली होती. बारा भाग. ते संपले तसे पुन्हा पहिल्यापासून लावले.

त्या फोनमुळे मी वेळेवर स्वयंपाक करू लागले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मालिकेतला शिकारी मिका पडद्यावर ड्रॅगनच्या शेपटीच्या मांसाचं जाडजूड सँडविच खातोय आणि आपण नुसती बिस्किटं खायची, हे बरं दिसत नव्हतं.

क्विन झाझा हे हवेत उडणारं जहाज. त्यावरची माणसं आकाशात ड्रॅगन पकडतात, डेकवरच फाडतात, मांस आणि तेल बंदरात विकतात आणि त्यावर जगतात. मी एकटीने बघितली असती तर लढाया बघितल्या असत्या. तू मला काम बघायला लावलंस. पहिल्याच शिकारीनंतर तू फोनवरून म्हणालीस, ‘थांबव. आता दोऱ्या बघ. कोण कुठे उभं आहे ते बघ.’ मग मला दिसलं की शिकार मिकाची वाटली तरी ती सगळ्या जहाजाची आहे. चरबी सोलणारे वेगळे, तेल काढणारे वेगळे, खाली योशी स्वयंपाकघरात, आणि नवखी ताकिता सगळीकडे धावतेय. मांसाला भाव मिळाला नाही तर जहाज पुढे कसं न्यायचं, ही चिंता तर कायमचीच.

आणि मग तू देवमाशांवर आलीस. ताकू कुवाबारांनी २०१६ पासून लिहिलेल्या मूळ मांगामागे, म्हणजे जपानी चित्रकथेमागे, जपानची देवमाशांची शिकार उभी आहे, हे तू इतकं मन लावून सांगितलंस की मी वहीत टिपून ठेवलं. ताइजी गावात १६०६ साली शिकाऱ्यांच्या संघटित टोळ्या उभ्या राहिल्या. देवमाशाचं तेल दिव्यात तर जळायचंच, पण भातशेतीत कीड मारायलाही वापरायचे. शेपटीकडचं मांस सगळ्यात उंची मानलं जायचं. मिका नेमका त्याच तुकड्यासाठी जीव टाकतो, हे कळल्यावर ते सँडविच मला निराळंच दिसू लागलं.

ताकिता जहाजावरून खाली पडते आणि ड्रॅगनच्या पिल्लाबरोबर जंगलात अडकते, ते भाग आठवतात? ज्यांना मारून पोट भरायचं, त्यांच्याच पिल्लाला ती कळपापर्यंत पोचवायला निघते. मला ते पटेना. मी म्हटलं, हे उगाच गोड केलंय. तू वाद घातला नाहीस. यामागुची प्रांतातल्या कायोई गावाबद्दल सांगितलंस. तिथल्या शिकाऱ्यांनी १६९२ साली देवमाशांची समाधी बांधली. मारलेल्या मादीच्या पोटात जे गर्भ सापडायचे, ते तिथे पुरायचे. मंदिरात देवमाशांना माणसांसारखी मरणोत्तर नावं देऊन ती वहीत नोंदवून ठेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रात होड्या घालायचे. तू एवढंच सांगून गप्प झालीस, आणि आपण तो भाग परत पहिल्यापासून बघितला. माझ्या मते अख्ख्या मालिकेत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. क्वोन शहरातला गोंधळ देखणा आहे, पण डोक्यात घर करते ती ताकिताच.

मालिका बनवणाऱ्या पॉलिगॉन पिक्चर्स स्टुडिओचं थ्रीडी चित्रण अनेकांना रुचत नाही. मला ते ढगांसाठी आवडलं. जहाज ढगातून बाहेर येतं तेव्हा त्याचं वजन जाणवतं.

ताई, त्या दिवसांत मला धीर देणारे पुष्कळ होते. ‘काळजी घे, सगळं ठीक होईल’ असे मेसेज रोज यायचे. तू तसं एकदाही म्हणाली नाहीस. तू रोज रात्री फोन उचललास आणि मला विचार करायला काहीतरी दिलंस. तुझी स्वतःची नोकरी तेव्हा डळमळीत होती, हे मला फार नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मनापासून आभार.

मालिका जिथे थांबते, त्याच्या कितीतरी पुढे मांगा जाते. तेव्हा इंग्रजी सबटायटलवर भागवत होते, आता जपानीतूनच वाचतेय. शिकारीचे शब्द अजून अडतात. या रविवारी रात्री जेवणाच्या वेळी फोन करते, उचल.

तुझी,
वर्गातली धाकटी