तीन दिवस समुद्राकाठी करायचं काय?

पुणे, ८ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहेत. रोज फोन होतो तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि तुझा कुकर नेमका तेव्हाच शिट्टी देतो, आई. दुसरं कारण हा कागद. पाँडिचेरीला अरविंद आश्रमाचा हातकागदाचा कारखाना आहे, १९५९पासूनचा. तिथून आणला. शाई जराशी फुटते, सांभाळून घ्या.

निघायच्या आधी बाबा म्हणाले होते, "तीन दिवस समुद्राकाठी करायचं काय?" आणि आई, तू म्हणालीस, "मुलांना टाकून?" तुझं उत्तर आधी देते. मुलांनी तीन दिवस बापाच्या हातची खिचडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यात टोमॅटो होता म्हणे. मजेत आहेत.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे.

आम्ही चौघी, होस्टेलवरच्या त्याच. डॉक्टरीणबाई, नागपूरकरीण, आमची सीए आणि मी. वीस वर्षांत चौघींना एकत्र सुट्टी मिळाली ती ही पहिली. गोव्याला का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. गोवा मुलांबरोबर सहा वेळा झालाय. मुलांबरोबरचा गोवा म्हणजे सनस्क्रीन, टॉवेल आणि "बास आता, बाहेर या". म्हणून यावेळी उलट्या बाजूचा समुद्र, पाँडिचेरीचा. चेन्नईपर्यंत विमान, पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने तीनेक तास.

उलटी बाजू म्हणजे खरंच उलटी. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तिथे समुद्रातून वर येतो. त्यामुळे बघायचा तर पाचला उठावं लागतं. आम्ही पहिल्या दिवशी कशाबशा उठलो. रस्त्यावर येऊन बघतो तर तुमच्या वयाची माणसं मफलर गुंडाळून केव्हाची फिरत होती. समुद्राकडेचा तो लांब रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो. ना हॉर्न, ना रिक्षा. बसायला कट्टा आणि समोर लाटा. पहिल्या दिवशी आम्ही "करायचं काय"चं उत्तर म्हणून दोन तास नुसत्या बसलो. सीए बाईंनी त्या दोन तासांत एकदाही फोन बघितला नाही, हे मी लिहून ठेवते आहे, पुढेमागे पुरावा लागेल.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वाळूच्या आशेने जाणार नाही. त्या रस्त्यालगत बराचसा किनारा काळ्या दगडांचा आहे. पूर्वी तिथे रुंद वाळू होती. १९८०च्या दशकात दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात बांध घातले. तिकडची वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकत असते, ती बांधापाशी अडली आणि गावासमोरची लाटांनी खाऊन टाकली. मग गाव वाचवायला हे दगड टाकले. आता पाण्याखाली एक कृत्रिम कडा बसवून थोडी वाळू परत आणलीय. तिथे संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात.

गावाच्या मधून एक कालवा जातो. समुद्राकडच्या बाजूला फ्रेंचांची वस्ती होती, पलीकडे तमिळ. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, वरून बोगनवेल, रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि तमिळमध्ये. पोलिसांची टोपी लाल, उभी, डब्यासारखी. रस्ते मात्र पाटावर रांगोळीचे ठिपके काढल्यासारखे सरळ, आणि ती आखणी फ्रेंचांची नाहीच. १६९३मध्ये डचांनी गाव घेतलं, त्या पाचसहा वर्षांत त्यांनी ती करून ठेवली. फ्रेंच परत आले, रस्ते तेच राहिले. फ्रेंच गेले ते १९५४च्या १ नोव्हेंबरला. म्हणजे बाबा, आपण स्वातंत्र्याला सात वर्षं झाल्याचे पेढे खाल्ले तेव्हाही तिथे दुसराच झेंडा होता.

संध्याकाळी एका मैदानात निवृत्त मंडळी लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत होती. लांब एक छोटा लाकडी गोळा टाकायचा आणि आपला गोळा त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. थोडक्यात म्हाताऱ्यांच्या गोट्या. वाद अगदी तुमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळासारखे, फक्त फ्रेंचमध्ये.

खाण्याचं पटकन सांगते. सकाळी पोंगल, म्हणजे तूप नि मिरी घातलेली आपली मऊ मुगाची खिचडी, बाबांच्या दातांना चालेल अशी. किनाऱ्यावर सुंडल मिळतं. उकडलेले हरभरे, वर ओलं खोबरं नि कैरीचे तुकडे, कागदाच्या पुडीत. आई, तुला चहा मनासारखा मिळणार नाही, कॉफीला मात्र नाव ठेवू शकणार नाहीस. आम्ही फ्रेंच बेकरीत जाऊन पावही खाल्ला. चांगला होता, पण त्याच्यासाठी एवढ्या लांब जाऊ नये.

आश्रमात अरविंद आणि त्यांच्या सहकारी माताजी यांची समाधी एका झाडाखालच्या चौकात आहे, रोज फुलांनी भरलेली. कोणी बोलत नाही. चौघी होस्टेलच्या बायका वीस मिनिटं गप्प बसलो, यावरून ओळखा. आई, तुला सांगायचं राहिलं होतं. अरविंद बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते तेव्हा मराठी शिकले होते, आणि त्यांना ध्यानाला बसवलं ते विष्णू भास्कर लेले या आपल्या मराठी माणसाने, १९०८च्या जानेवारीत. १९१०मध्ये ते पाँडिचेरीला आले ते कायमचेच.

जवळच माताजींनी वसवलेलं ऑरोव्हिल गाव आहे, तिथे फजिती झाली. त्या सोनेरी गोल मातृमंदिराच्या आत बसायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, ते कोणीच केलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं दुसरीने केलंय. लांबूनच बघितलं आणि वडाच्या झाडाखाली भांडून परत आलो. परतताना माझी भाड्याची स्कूटर पंक्चर झाली, ती ढकलताना स्टँड पायाच्या अंगठ्यावर आपटला. डॉक्टरीणबाईंनी रस्त्यातच पट्टी बांधली आणि फी म्हणून दोन कॉफ्या वसूल केल्या.

त्या अंगठ्यामुळे पुढची गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशी खाडीतून बोटीने पलीकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. चुन्नांबार म्हणून धक्का आहे तिथून बोट सुटते. समुद्र अवखळ आहे, दोर लावलेत, शिट्टी घेऊन राखणदार उभे असतात. तिघी पाण्यात गेल्या. मी पट्टी भिजू नये म्हणून वाळूत बसले, आणि मांडीवर काय होतं? चार चपलांचे जोड, तीन फोन, दोन चष्मे.

आई, मला गणपतीपुळ्याची तू आठवलीस. आणि तारकर्ली. आणि मुरुड. प्रत्येक फोटोत तू वाळूत बसलेली आहेस, मांडीवर चपला, खांद्यावर टॉवेल, हातात बाबांचं घड्याळ. तुझी साडी कधी भिजलेली मला आठवत नाही. तुला पाण्याची भीती वाटायची, की तुला कोणी "चल" म्हटलंच नाही? मी तरी म्हटल्याचं आठवत नाही. डॉक्टरीणबाई दहा मिनिटांत परत आल्या आणि ओरडल्या, "अगं, चपला कोण चोरतंय!" पट्टी भिजली. तिने रात्री नवी बांधली.

आता बाबा, तुमचं. गांधींच्या पुतळ्याभोवती उंच, कोरीव, एकसंध दगडाचे खांब आहेत. हे जिंजीहून आणलेत असं तिथे सांगतात. मी तिथेच थांबले. राजाराम महाराजांचा जिंजी किल्ला तिथून सत्तर किलोमीटरवर! तिसऱ्या दिवशी बाकी दोघी झोपल्या होत्या. मी आणि नागपूरकरीण पहाटे टॅक्सी करून निघालो. तिकडे तिला सेंजी म्हणतात, ड्रायव्हरला "जिंजी" कळायला वेळ लागला.

तुम्हाला आठवतं का, दिवाळीत सगळी गल्ली प्रतापगड करायची आणि तुम्ही एका वर्षी जिंजी केली होती? मातीचे तीन ढीग, मधे तट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किल्ला अर्धवट राहिलाय का?" तुम्ही त्यांना पाऊण तास समजावलं होतं. तर तुमचे तीन ढीग बरोबर होते. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग. चुकला तो दगड. आपण सह्याद्रीसारखे काळे कडे केले होते. तिथे मोठमोठे गोल धोंडे एकावर एक ठेवलेत, कोणी ट्रकने ओतल्यासारखे, आणि त्यांच्या फटींमधून तट चढत जातो. आम्हाला राजगिरी चढायला जवळपास दीड तास लागला. माकडं भरपूर आहेत, हातात पिशवी नको. माथ्याजवळ एक घळ आहे, तिच्यावर पूल. एवढ्या पुलाशिवाय वर जायची सोय नाही.

वर वारा असा होता की बोलताच येईना. पन्हाळ्याहून निसटून राजाराम महाराज इथवर आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. माझा भाचा त्याच वयाचा आहे, त्याला एकट्याला कोल्हापूरहून पुण्याला पाठवताना ताई चार फोन करते. मधे केवढा मुलूख, मागे मोगल. आणि मग १६९८पर्यंत राज्याची गादी या धोंड्यांवर. मला शाळेत "जिंजीचा वेढा, टीप लिहा" याला चारपैकी अडीच गुण मिळाले होते. आता पूर्ण मिळाले असते.

तुम्हाला राजगिरी चढायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते मला माहीत आहे. पण खालचा किल्ला सपाट आहे. कल्याण महाल, धान्याची कोठारं, पागा, तलाव हे सगळं चालत बघून होतं. २०२५मध्ये युनेस्कोने यादीत घेतलेल्या आपल्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच.

तर आता मुद्दा. "तुम्हाला मी नेते" असं मी म्हणणार नाही. मी नेलं की आई परत चपला सांभाळत बसेल आणि बाबा वेळापत्रक. आई, तुझी भिशी बावीस वर्षं चालू आहे. कोकणची सहल तुम्ही दरवर्षी ठरवता आणि दरवर्षी कोणाची तरी सून बाळंत होते. बाबा, तुमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी पन्हाळा पाठ केलाय, जिंजी एकानेही बघितलेली नाही. दादरहून पाँडिचेरीला थेट गाडी आहे, चालुक्य एक्सप्रेस, मिरजेवरूनच जाते. रोज नसते, पण गाडी बदलायची नाही, जिने चढायचे नाहीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर पण लांब बसायला हरकत नाही म्हणालेत, फक्त मधून मधून उठायचं.

एकाच गाडीने जा, पण दोन टोळ्या करून. भिशीवाल्यांचा डबा वेगळा, मंडळाचा वेगळा. दिवाळीत जाऊ नका, तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. जानेवारी उत्तम. मातृमंदिराची नोंदणी मी करीन, यावेळी खरंच करीन. राहायची जागा कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला आणि तळमजल्यावर घेऊ.

आई, गुरुवारी भिशीत विषय काढ आणि कोण कोण हो म्हणतंय ते मला शुक्रवारी कळव. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तारीख ठरली की मी लक्ष ठेवते. आणि जुनी रबरी चप्पल घालून जा, वाळूत ठेवून विसरली तरी चालेल अशी.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, जिंजीहून दगड आणला नाही. उचलला होता, नागपूरकरणीने परत ठेवायला लावला.