अंगावरच्या कपड्यांनिशी

महोदय,

कालच्या पुरवणीतला फानहूल घराण्यावरचा, म्हणजे क्यूबातून फ्लोरिडात गेलेल्या साखर कारखानदारांवरचा लेख वाचला. ‘अंगावरच्या कपड्यांनिशी क्यूबा सोडला’ हे त्यात तीनदा आलं आहे. तिसऱ्या वेळी पेपर खाली ठेवला.

क्रांतीत त्यांचे कारखाने आणि जमिनी गेल्या, ते दुःख मी हलकं मानत नाही. पण 1960 मध्ये फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्याकाठी 4,000 एकर जमीन घेणाऱ्यांना, लुइझियानातून जुन्या कारखान्यांची यंत्रं बार्जवर घालून आणणाऱ्यांना रिकाम्या हातांचं कसं म्हणायचं? पत होती, ओळखी होत्या. त्याच वर्षी अमेरिकेने क्यूबाच्या साखरेचा आयातीचा कोटा तोडला आणि फ्लोरिडाच्या उसाला मोकळं रान मिळालं. लेखात यातलं अक्षर नाही.

आणि ऊस तोडला कुणी? जमैका आणि आसपासच्या बेटांवरून हंगामापुरत्या आणलेल्या माणसांनी. 1986 च्या नोव्हेंबरात याच घराण्याच्या फ्लोरिडातल्या ओकीलांटा कंपनीच्या उसात मजुरांनी दरावरून तोड थांबवली. पोलीस कुत्री घेऊन आले. तीनशेहून जास्त जणांना बसमध्ये भरून मायदेशी धाडलं, कित्येकांचं सामान तिथेच राहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले ते हे लोक! अगदी 2022 मध्येसुद्धा अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सेंट्रल रोमानाची साखर सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवली होती. त्या कंपनीत या घराण्याचा मोठा वाटा आहे.

मला हे एवढं लागलं, कारण माझ्या आई-अण्णांचा एक कोयता होता, म्हणजे ते ऊसतोडीला जोडीने जात. मी चौथीत असताना कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी गावाकडे निघाली. अण्णांनी मुकादमाला हिशेब मागितला. हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल फिटली, असं ते म्हणत होते. अजून बाकी आहे, असं तो. शेवटी त्याने आमची पत्र्याची पेटी ट्रकमधून उतरवून घेतली. आईचं न नेसलेलं लुगडं, पितळी तांब्या आणि माझी पुस्तकं त्यात होती. गावी पोचेपर्यंत आई बोलली नाही. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाची उचल घ्यावी लागली, पेटी मात्र आली नाही. अण्णा गेले तरी त्या पेटीची कडी लावताना होणारा आवाज मला आठवतो. साखरेच्या घराण्यांची कौतुकं वाचताना तो आधी ऐकू येतो.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली ‘फ्लोरिडातील ऊसतोड’ छापलं आहे. त्यातल्या बाईच्या डोक्यावर मोळी आहे आणि साडीवर तिने पुरुषाचा फुल बाहीचा शर्ट घातला आहे, उसाचं पान हात कापतं म्हणून. ही बाई आमच्याकडची आहे. ओळ दुरुस्त करून छापा, आणि तुमच्या छायाचित्रकाराला तिचं नाव माहीत असेल तर तेही द्या.

आपला वाचक,
तालुका पाटोदा, जि. बीड