विषय: एमपीपीटीच्या नावाखाली विकलेला पीडब्ल्यूएम कंट्रोलर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॅम्पर सोलर किटबद्दलचा चौथा फोन आत्ताच संपला, म्हणून आता लेखी. किटमध्ये काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या कंट्रोलरवर ठळक छापलंय एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा; आत आहे पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून नुसतं चालू-बंद करणारा.

मोजमाप असं. १०० वॉटची दोन पॅनेल पॅरललमध्ये, भर दुपार, सावली नाही, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्धी रिकामी. कंट्रोलरच्या पॅनेल टर्मिनलवर १३.६ व्होल्ट, १०.२ अँपिअर. बॅटरीकडे १३.२ व्होल्ट, १०.१ अँपिअर. जेवढे अँपिअर आत, तेवढेच बाहेर. खऱ्या एमपीपीटीने पॅनेल १७ व्होल्टच्या आसपास चालवलं असतं आणि वरच्या व्होल्टेजचे अँपिअर करून बॅटरीला साडेबाराच्या घरात दिले असते. म्हणजे १६५ वॉटच्या जागी १३३. झाकण उघडलं तर हे रूपांतर जिच्याशिवाय होत नाही, त्या इंडक्टर कॉइलचा पत्ता नाही. (सील तोडलं म्हणून वॉरंटीचा कांगावा नको, मोजमाप त्याआधीचं आहे.)

त्यात मॅन्युअल म्हणतं, पॅनेल सीरिजमध्ये जोडा. एमपीपीटीला ते चालतं. या डब्याला तसं जोडलं की एकाच पॅनेलचा करंट मिळतो: ५.१ अँपिअर, जेमतेम ६७ वॉट. दुसरं पॅनेल छपरावर शोभेला.

हे सगळे आकडे तुमच्या प्रतिनिधीला वाचून दाखवले. क्षणभर शांतता, मग प्रश्न आला, "सर, पॅनेलवर ऊन येतंय ना?" येतंय. "मग एकदा पुसून बघा." पुसलंय. "मग बॅटरी डाउन असेल." बॅटरी डाउन असते म्हणूनच चार्ज करतात, हे सांगावं लागलं. त्यावर अकरा मिनिटं होल्ड आणि तुमच्या जाहिरातीची धून. परत आल्यावर निकाल: "सर, टेक्निकल टीम म्हणतेय, डिस्प्लेवर एमपीपीटी येतंय म्हणजे एमपीपीटीच आहे." वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट तुमच्या टेक्निकल टीमच्या कानावर गेलेली दिसत नाही. इनपुट आणि आउटपुट करंट सारखाच का, हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "ऊन कमी असेल."

बाकीचंही ऐका. बॅटरीसाठी दिलेली वायर दीड चौरस मिलिमीटरची, तीन मीटर लांब. जाऊन-येऊन सहा मीटरमध्ये दहा अँपिअरला ०.७ व्होल्ट वायरच खाते. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट बघतो, बॅटरी भरत आली समजून करंट कमी करायला लागतो, बॅटरीवर तेव्हा १३.७ असतात. सहा चौरस मिलिमीटरची वायर एक मीटरच्या आत दिली असती तर हा प्रश्नच नव्हता. बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज दिलेलाच नाही. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि ही वायर व्हॅनच्या लाकडी पॅनेलिंगमागून जाते! वर मॅन्युअल सांगतं, आधी पॅनेल जोडा, मग बॅटरी. १२ की २४ व्होल्ट हे आपोआप ओळखणाऱ्या कंट्रोलरला आधी बॅटरी दिसली नाही तर तो सिस्टिमचं व्होल्टेज चुकीचं धरू शकतो. ही ओळ लिहिणाऱ्याने किट एकदा तरी जोडून पाहिलंय का?

पंधरा दिवसांत एक तर खरा २० अँपिअरचा एमपीपीटी, योग्य जाडीची वायर आणि होल्डरसकट फ्यूज पाठवा, नाही तर पूर्ण पैसे परत करा. पुन्हा सांगतो, स्टिकर नको, एमपीपीटी हवा. यातलं काहीच झालं नाही तर मीटरचे आणि उघड्या सर्किट बोर्डचे फोटो ग्राहक न्यायालयात जातील.

वाईट याचं वाटतं की तुमची पॅनेल चांगली आहेत. शॉर्ट सर्किट करंट लेबलबरहुकूम भरतो, फ्रेम भक्कम, जंक्शन बॉक्स नीट सील केलेला. तेच दुसऱ्यांना सुचवत होतो. आता नाही.

तुमचा (अजून तरी) ग्राहक

ता. क. ऊन येतंय.