साभार, पण कोणाचे?

ताई,

सप्रेम नमस्कार.

ग्रंथालय बंद व्हायला तासभर उरला असताना लॅपटॉप घेऊन तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिलेली मुलगी, ती मी. शोधनिबंधात 23 चित्रं होती आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं, 'चित्रांचे संदर्भ?' मला कळेना, संदर्भ तर दिलेत की! प्रत्येक चित्राखाली नेमानं 'साभार : इंटरनेट' लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार.

"हे चित्र कोणाचं?" तुम्ही विचारलंत. मी लिंक दाखवली. "हे कुठे मिळालं ते झालं. मी विचारतेय, कोणाचं?"

निबंध साथरोगांच्या इतिहासावर, म्हणजे लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याचा नकाशा आलाच. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती मृत्यू कसे दाटले होते ते दाखवणारा. त्याच्या पुस्तकाच्या 1855 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो छापलेला आहे, एवढं मला पाठ होतं, म्हणून या एका चित्राखाली मी ऐटीत 'स्नो, 1855' लिहिलं होतं. तुम्ही मूळ नकाशाची स्कॅन प्रत शोधून शेजारी उघडलीत. त्यात घरांपुढे आखूड काळ्या रेघांची चळत, एका मृत्यूला एक रेघ. माझ्या चित्रात नुसते ठिपके! म्हणजे कुणीतरी पुष्कळ नंतर नव्यानं काढलेला नकाशा मी स्नोच्या नावावर खपवत होते. महिनाभर रोज तेच चित्र बघूनही लक्षात आलं नव्हतं.

मग आपण मूळ नकाशाच घेतला. स्नो 1858 साली गेला, कॉपीराइटचा प्रश्न कधीच मिटलेला. बाकीच्यांचा मात्र एकेक करून माग काढावा लागला. ज्या आकृतीतले बाण मी बदलले होते तिथे 'यावर आधारित' आलं, मी स्वतः काढलेल्या फोटोखाली माझं नाव. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कर्त्यानं अटी घालून वापरायला मोकळ्या ठेवलेल्या, चित्रांना शीर्षक, कर्ता, स्रोत आणि परवाना. एक चित्र सुंदर होतं, कर्ताही सापडला, पण परवानगी नव्हती. "नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नसतं," म्हणालात. ते काढलं. अजून हळहळते.

आता वर्डबद्दल. माझी चित्रं मजकुरावर तरंगत होती, त्यामुळे कॅप्शन दिली की ती वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये जाऊन बसायची आणि त्यात तळटीप टाकायला गेलं की तो पर्यायच बंद. यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या. तुम्ही चित्र 'इन लाइन विथ टेक्स्ट' करायला लावलंत, मग उजवं क्लिक, 'इन्सर्ट कॅप्शन', आणि कॅप्शन साध्या परिच्छेदासारखी आली. संदर्भ हातानं न टाइपता 'इन्सर्ट सायटेशन'मधून टाकला, म्हणून शेवटच्या संदर्भसूचीतही तो आपसूक आला. मधलं एक चित्र काढल्यावर कंट्रोल-ए आणि एफ 9 दाबलं आणि पुढचे सगळे आकृती क्रमांक, मजकुरात 'क्रॉस-रेफरन्स'मधून टाकलेल्या 'आकृती 9 पाहा'सकट, जागच्या जागी सुधारले. (आधी मी ते हातानं बदलत होते. किती वेळा, ते विचारू नका.)

पण खरी गंमत चित्रसूचीची. प्रत्येक ओळीला कंसातल्या संदर्भाचं शेपूट लटकलं होतं. तुम्ही म्हणालात, वर्णन संपतं तिथे एंटर मारून संदर्भ खालच्या ओळीत घे, मग कर्सर परत वर्णनात ठेव आणि कंट्रोल-ऑल्ट-एंटर दाब. दोन्ही ओळी पुन्हा जोडल्या गेल्या, जणू काही झालंच नाही. पण तिथे एक अदृश्य परिच्छेद-खूण बसली होती. तिच्या अलीकडचं वर्णन तेवढं सूचीत गेलं आणि वेगळी स्टाइल दिलेला संदर्भ पानावर त्याच ओळीत राहिला. मी हे नंतर चौघांना शिकवलं, आणि दरवेळी आपणच शोधून काढल्यासारखा चेहरा केला. माफ करा.

एवढ्या वेळात तुम्ही माऊसला एकदाही हात लावला नाहीत. माझी बोटं चुकीच्या मेनूवर फिरत असताना गप्प बसणं सोपं नसणार.

ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, असं विचारलं तर म्हणालात, "कामच आहे माझं, नाव कशाला?" मग 22 चित्रांखाली कर्त्यांची नावं गेली आणि ऋणनिर्देशात 'ग्रंथालयातल्या एक ताई' एवढंच राहिलं. काल मार्गदर्शकांकडून प्रत परत आली. चित्रांवर एकही खूण नाही. फक्त त्या ओळीपुढे लाल शाईत लिहिलंय, 'संदर्भ?'

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची